नंबर लागणं

आपल्या मोहल्ल्यात कुणी "नंबर लागला का?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा विषय हजचा असतो. अर्ज भरलेला असतो, पासपोर्ट तयार असतो, आता कुर्रा निघायची वाट. भारताचा हजचा कोटा अलीकडच्या वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास राहिला आहे आणि त्यातला मोठा वाटा हज कमिटी ऑफ इंडियामार्फत भरला जातो. जिथं अर्ज जागांपेक्षा जास्त, तिथं कुर्राअंदाजी होते. पूर्वी लोकांच्या डोळ्यांसमोर चिठ्ठ्या असायच्या, आता कॉम्प्युटर आहे. यादीत नाव आलं की घरात मिठाई वाटली जाते. नाही आलं की शेजारचे म्हणतात, "अजून बुलावा आला नाही."

हजच नव्हे, आपलं बरंच आयुष्य आता सोडतीवर चालतं. म्हाडाचं घर सोडतीनं मिळतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर गरिबांच्या मुलांना प्रवेश मिळतो, तोही सोडतीनं. महापालिकेचा कोणता वॉर्ड महिलांसाठी राखीव होणार, हे शाळकरी पोराच्या हातून चिठ्ठी काढून ठरतं. मोहल्ल्यातल्या भिशीत तर दर महिन्याला चिठ्ठी निघतेच. चिठ्ठी काढणारा हात दिसतो, म्हणून भिशीवर कुणी शंका घेत नाही. कॉम्प्युटरचा हात मात्र दिसत नाही. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करतो, त्यामुळं हा न दिसणारा हात आतून कसा चालतो हे मला थोडं माहीत आहे. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आधी एक शंका दूर करू, कारण दरवेळी कुणीतरी ती काढतंच. चिठ्ठी काढणं म्हणजे जुगार नाही का? कुरआन शरीफच्या सूरह माइदामध्ये दारू आणि जुगाराच्या बरोबरीनं 'अज्लाम' म्हणजे तीर टाकून नशीब काढणं हराम ठरवलं आहे. इस्लामपूर्व अरब तीर टाकून प्रवासाला निघायचं की नाही ते ठरवत. त्याच कुरआनात हजरत मरियम यांचा सांभाळ कुणी करायचा, यासाठी कलमं टाकून निर्णय झाल्याचा उल्लेख आहे. हजरत युनूस जहाजात होते तेव्हाही चिठ्ठी निघाली. सफरीवर निघताना पैगंबर (स.) आपल्या पत्नींमध्ये कुर्रा टाकत आणि जिचं नाव निघेल तिला बरोबर नेत, ही हजरत आयशा यांनी सांगितलेली गोष्ट बुखारीत आहे. कादिसियाच्या वेळी अजान कोणी द्यायची यावरून माणसं भांडू लागली, तेव्हा साद बिन अबी वक्कास यांनी कुर्रा टाकून तंटा मिटवला, असंही तिथं नोंदलेलं आहे.

फरक सरळ आहे. जुगारात एकाचा माल दुसऱ्याकडं जातो. अज्लाममध्ये माणूस तिराला गैबचं ज्ञान विचारतो. कुर्रा त्या दोन्हींत बसत नाही. जिथं सर्वांचा हक्क सारखा आहे आणि जागा कमी आहेत, तिथं तो वापरायचा. कोकणातले आपले बांधव शाफई, देशावरचे आम्ही बहुतेक हनफी. शाफई फिक्हमध्ये कुर्ऱ्याला जास्त वाव आहे. हनफी उलेमा जपून बोलतात, पण वाटणीच्या वेळी काझीनं कुर्रा टाकावा असं तेही म्हणतात. 'हिदाया' या ग्रंथात त्याचं कारण दिलं आहे. वाटणी करणारा स्वतःच्या अधिकारात हिस्से देऊ शकतो, तरी कुर्रा टाकला तर लोकांची मनं शांत होतात आणि तो कुणाकडं झुकला अशी तोहमत राहत नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कुर्रा टाकायचा तो तोहमत दूर करण्यासाठी. मग बंद खोलीत एका माणसानं कॉम्प्युटरवर बोट ठेवलं आणि बाहेर येऊन यादी लावली, तर तोहमत दूर होते का?

कॉम्प्युटर हे सगळ्यात आज्ञाधारक यंत्र. सांगितलेलं तेवढंच करतं आणि दरवेळी तेच करतं. अशा यंत्राकडून 'कुठलाही एक आकडा दे' हे काम कसं करून घ्यायचं? साधारणपणे त्याला एक सुरुवातीचा आकडा देतात. त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. त्या आकड्यावर ठरलेलं गणित केलं की दुसरा आकडा येतो, दुसऱ्यावरून तिसरा. रांग बघणाऱ्याला ती कशीही वाटते, त्यात काही क्रम दिसत नाही. पण बी तेच असेल तर रांग तीच येते. लिनक्सवर सी भाषेतलं रँड नावाचं फंक्शन बी न देता चालवलं, तर पहिला आकडा १८०४२८९३८३ येतो. आज चालवा, उद्या चालवा, मिरजेत चालवा, दुबईत चालवा, पहिला आकडा तोच.

कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, ऑक नावाचं एक जुनं हत्यार आहे. फाइलींतल्या ओळी चाळायला आम्ही ते रोज वापरतो. गनूच्या ऑकमध्ये रँड लिहिलं की शून्य ते एक यांच्या मधला एक आकडा मिळतो. पण एसरँड लिहून बी बदललं नाही, तर प्रोग्रॅम दरवेळी त्याच आकड्यापासून सुरू होतो. नुसतं एसरँड लिहिलं तर ऑक घड्याळातली वेळ बी म्हणून घेतं, तीही सेकंदांत. एकाच सेकंदात दोनदा चालवलं तर दोन्ही वेळा तेच उत्तर. सोडत कोणत्या मिनिटाला झाली हे ज्याला माहीत आहे, त्याला फक्त ६० शक्यता तपासाव्या लागतात.

बॅश नावाच्या शेलमध्ये रँडम हा तयार शब्द आहे. तो ० ते ३२७६७ यांतला आकडा देतो, म्हणजे ३२७६८ शक्यता. समजा आपल्याकडं ४१२ अर्ज आहेत. बहुतेक लोक काय करतात, तर आलेल्या आकड्याला ४१२ ने भागतात आणि बाकी उरेल तो अर्ज उचलतात. दिसायला अगदी न्यायाचं. पण ४१२ गुणिले ७९ म्हणजे ३२५४८. वर २२० उरतात. त्यामुळं यादीतल्या पहिल्या २२० अर्जांना ८० संधी मिळतात आणि नंतरच्या १९२ अर्जांना ७९. यादी इंग्रजी आडनावांच्या क्रमानं लावली असेल, तर अत्तार, बागवान वरच्या गटात जातात आणि शिकलगार, तांबोळी खालच्या. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तराजूला एक गुंजेचा झोल आहे हे दुकानदाराला माहीत झालं, तर तो तराजू वापरणं जायज आहे का? तुम्हीच सांगा.

यावर आपले बुजुर्ग म्हणतील, त्यापेक्षा चिठ्ठ्याच बऱ्या. मलाही चिठ्ठ्या आवडतात, पण त्यांचीही एक गोष्ट आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईसाठी कोणत्या तरुणांना आधी बोलवायचं, यासाठी सोडत झाली. वर्षातल्या ३६६ तारखा ३६६ डब्यांत घालून एका मोठ्या काचेच्या भांड्यातून काढल्या. टीव्हीवर सगळा देश बघत होता. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेली मुलं आधी बोलावली जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. डबे महिन्यांच्या क्रमानं भरले होते आणि नीट ढवळले नव्हते. कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण डिसेंबरात जन्मलेल्या पोराला त्याची किंमत मोजावी लागली. पुढच्या वर्षी पद्धत बदलली. म्हणजे हात दिसला तरी ढवळणं नीट असलं पाहिजे, आणि कॉम्प्युटरचं ढवळणं नीट असलं तरी हात दिसला पाहिजे.

हे सगळं माझ्यापुढं आलं ते आमच्या जमातीच्या वजीफ्याच्या निमित्तानं. दहावी झालेल्या मुलींना अकरावी-बारावीच्या फीसाठी मदत द्यायची होती. पैसे देणगीचे होते, जकातीचे नव्हते, त्यामुळं तो मसला वेगळा. यतीम मुलींना आधीच थेट मदत दिली होती आणि ते योग्यच होतं, कारण त्यांचा हक्क वरचा होता. त्यानंतर ६० वजीफे उरले आणि अटीत बसणारे अर्ज होते ४१२. उत्पन्नाचा दाखला सगळ्यांकडं, गुणपत्रिका सगळ्यांकडं. साधारण सातातल्या एकीलाच मिळणार. ट्रस्टींनी मला बोलावलं. एक बुजुर्ग ट्रस्टी, ज्यांना मी चाचा म्हणतो, म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस. पाच मिनिटांचं काम आहे. यादी काढून दे."

पाच मिनिटं हा अंदाज चुकीचा नव्हता. शफ नावाची कमांड यासाठीच आहे. फाइलीतल्या ओळी ती पत्त्यांसारख्या पिसते. ६० ओळी हव्यात एवढं सांगितलं की ६० ओळी समोर टाकते. ऑकसारखं घड्याळावर अवलंबून राहत नाही, बॅशसारखा भागाकाराचा झोल ठेवत नाही. पिसण्यात खोट काढायला जागा नाही.

पण आधी यादीतच अडचण होती. आपल्याकडं नावं किती सारखी असतात हे तुम्हाला माहीतच आहे. एकाच नावाच्या, एकाच शाळेतल्या, शेख आडनावाच्या तीन मुली होत्या. सॉर्ट नावाच्या कमांडला 'दुहेरी ओळी काढून टाक' असं सांगितलं, तर ती या तीन मुलींची एक मुलगी करून टाकते आणि हूं की चूं करत नाही. त्याच कमांडला 'कशाही क्रमानं लाव' असं सांगितलं, तर सारख्या ओळी ती एकाला एक चिकटून ठेवते. म्हणजे नंबर लागला तर तिघींचा, नाही तर तिघींचाही नाही. म्हणून प्रत्येक अर्जाला आधी क्रमांक दिला, ००१ ते ४१२, आणि पुढचं सगळं क्रमांकावर केलं. नावाला सोडतीत जागाच ठेवली नाही.

खरी अडचण पुढची होती. चाचांच्या बोलण्यातून ती सहज बाहेर आली. ते म्हणाले, "आधी एकदा घरी करून बघ. यादी बरी वाटली तर तीच लावू." त्यांच्या मनात पाप नव्हतं. यादीत एकाच गल्लीच्या दहा मुली आल्या तर लोक बोलतील, ही त्यांची भीती. पण 'बरी वाटली तर' या तीन शब्दांत सोडत संपते. हिशेब करा. एका मुलीचं नाव ६० मध्ये यायची शक्यता १४ ते १५ टक्के. माझी भाची त्या यादीत असती आणि मी घरी बसून कमांड पुन्हा पुन्हा चालवली असती, तर सरासरी सात वेळा चालवल्यावर तिचं नाव आलं असतं. भाची आणि तिची मैत्रीण दोघी हव्या असत्या, तर साधारण ४८ वेळा. एका वेळेला एक सेकंदही लागत नाही. आणि शेवटी जी यादी निघाली असती, ती कुठल्याही तज्ज्ञाला दाखवली तरी निर्दोष वाटली असती, कारण ती खरोखर शफनंच काढलेली असती. उरलेल्या ४७ याद्या कुठंच दिसल्या नसत्या.

मोठ्या ठिकाणी याहून मोठं घडलं आहे. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन नावाचा गृहस्थ माहिती सुरक्षेचा प्रमुख होता. आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यानंच असा तुकडा घातला की वर्षातल्या ठरावीक दिवशी येणारे आकडे त्याला आधीच ओळखता यावेत. २०१० मधल्या एका बक्षिसावर हक्क सांगायला कुणी नीट पुढं येईना, तेव्हा संशय आला आणि धागा सापडला. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. ती लॉटरी होती, आपल्यासाठी हरामच. पण धडा आपल्याही उपयोगाचा आहे. कुलपाची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावरच भरवसा ठेवावा लागत असेल तर ते कुलूप अपुरं आहे.

मी चाचांना म्हणालो, "चाचा, घरी करून बघणार नाही. एकदाच होईल आणि सगळ्यांसमोर होईल. आणि माझ्यावर विश्वास ठेवायची गरज कुणालाच पडणार नाही असं करू." ते जरा दुखावले. "म्हणजे आमच्यावर शक?" मौलाना साहेब शेजारी बसले होते. त्यांनी हिदायातला तोच मसला काढला आणि समजावलं की काझी ईमानदार असला तरी कुर्रा टाकतो, तो त्याच्या इज्जतीसाठीच. मग चाचा राजी झाले.

पद्धत अशी ठरली. सोडतीच्या आठ दिवस आधी अर्जांची यादी मस्जिदीच्या आणि शाळेच्या फलकावर लावली. मुलींची पूर्ण नावं जाहीर न करता क्रमांक, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि गल्ली एवढंच. हरकत असेल तर सांगा. त्यानंतर यादी बंद. मग शा-२५६ नावाच्या गणितानं त्या फाइलीचा ठसा काढला. हे गणित कुठल्याही मजकुराचं ६४ अक्षर-अंकांच्या एका ओळीत रूपांतर करतं. मजकुरात एक काना बदलला तरी सगळी ओळ बदलते, आणि ओळीवरून मागं मजकुराकडं जाता येत नाही. तो ठसाही फलकावर लावला, म्हणजे नंतर यादीत कुणी हात घातला तर लगेच कळावं.

आता प्रश्न बीचा. ते कुणी द्यायचं? एका तरुणानं सुचवलं, लुडोचे फासे टाकू. मौलाना साहेबांनी मान हलवली. फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, आपण खेळत नसलो तरी मस्जिदीच्या आवारात फासे नकोत. मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि त्यापेक्षा चांगला मार्गही होता. पाच माणसं निवडली. मौलाना साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका, एक ट्रस्टी, हजर असलेल्यांपैकी एक पालक आणि अर्ज केलेल्यांपैकी एक मुलगी. प्रत्येकानं दुसऱ्याला न दाखवता कागदावर चार अंक लिहायचे आणि पाकिटात घालायचे. सगळी पाकिटं बंद झाल्यावर एकदम उघडायची. पाचांचे अंक ठरलेल्या क्रमानं एकापुढं एक लिहिले की २० अंकी बी तयार.

यातली गंमत अशी की पाचांपैकी चौघं आपापसांत मिळालेले असले तरी काही साधत नाही. पाचव्यानं कोणते चार अंक लिहिले हे त्यांना माहीत नाही. त्या १०,००० शक्यतांपैकी कोणती खरी हे पाकीट उघडल्यावरच कळणार, आणि तोवर त्यांची पाकिटं बंद झालेली. एक माणूस प्रामाणिक असला की पुरे.

शेवटची पायरी. ते २० अंक, मग एक आडवी रेघ, मग अर्जाचा तीन अंकी क्रमांक, हा मजकूर घेऊन त्याचा शा-२५६ ठसा काढायचा. असं ४१२ वेळा. म्हणजे प्रत्येक मुलीला स्वतःचा एक ठसा मिळाला. ते ठसे सॉर्ट कमांडनं लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि वरचे ६० घ्यायचे. शफ सोडून हा रस्ता धरला, कारण इथं सगळी यादी हाताशी नसली तरी प्रत्येक मुलगी आपला ठसा स्वतः काढून बघू शकते. हे गणित जगात सगळीकडं सारखं आहे. सोडत होण्याआधी उत्तर कुणालाच माहीत नाही, सोडत झाल्यावर ते कुणालाही तपासता येतं. माझं काम फक्त कमांड लिहिण्याचं, आणि ती कमांडही आधीच फलकावर लावलेली.

जुम्याच्या नमाजनंतर शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मुलं सगळीकडं. पाकिटं उघडली, अंक फळ्यावर लिहिले. मुख्याध्यापिकांनी ते दोनदा मोठ्यानं वाचले. कमांड चालली आणि दोन सेकंदांत ४१२ ओळी पडद्यावर आल्या. एकाच गल्लीच्या नऊ मुली वरच्या साठात आल्या, चाचांना भीती होती तसंच. थोडी कुजबुज झाली. खरी सोडत अशीच असते. सगळ्या गल्ल्यांना नीट वाटून दिलेली यादी आली असती, तर तिच्यात मला जास्त काळंबेरं वाटलं असतं.

चार दिवसांनी एक बाई घरी आल्या. कपडे शिवून घर चालवतात. बरोबर नववीतला मुलगा. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, "माझ्या लेकीचा नंबर लागला नाही ते कळलं. कुणाचा लावला ते सांगा." मराठीत 'लागला' आणि 'लावला' यांत एका अक्षराचा फरक आहे. आपली सगळी जमात, सगळं सरकार, सगळी शंका त्या एका अक्षरात राहते.

मी त्यांच्या मुलाला फलकावरचा कागद दिला आणि फोनवर टर्मक्स नावाचं अॅप घ्यायला सांगितलं. त्यानं फळ्याचा फोटो काढलेला होता. २० अंक लिहिले, रेघ, बहिणीचा क्रमांक. ठसा आला, पण फलकावरच्या ठशाशी जुळेना. बाईंचा चेहरा बदलला. मी गप्प बसलो. पोरानं कागद पुन्हा वाचला. त्यावर लिहिलं होतं, ओळ संपल्याची खूण घालू नये. त्यानं इको कमांड वापरली होती, आणि ती शेवटी न दिसणारी एक खूण जोडते. त्यानं प्रिंटएफ वापरून पुन्हा केलं. सगळीच्या सगळी ६४ चिन्हं जुळली. मग त्यानं हौसेनं सगळे ४१२ ठसे काढले. बहिणीचा नंबर होता २३८ वा.

"म्हणजे हिला कुणी काढलं नाही," बाई म्हणाल्या.

"कुणी नाही."

त्या थोडा वेळ फोनकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ६०च का?"

याचं उत्तर कुठल्या कमांडमध्ये नव्हतं. पण प्रश्न आता योग्य ठिकाणी आला होता. वशिल्याचा संशय असेपर्यंत माणूस त्या साठांतल्या कुणाचं तरी नाव शोधत राहतो. साठांतली प्रत्येक मुलगी त्याला चोर वाटते. तो संशय गेला की उरलेल्या ३५२ दिसू लागतात.

तकदीरवर माझा ईमान आहे. झाडाचं पानसुद्धा अल्लाहच्या माहितीशिवाय गळत नाही, हे लहानपणापासून ऐकलं आहे आणि मानतो. म्हणूनच 'बुलावा आला नाही' हे वाक्य यादी लावणाऱ्यानं उच्चारू नये असं मला वाटतं. ज्याचं नाव आलं नाही त्यानं ते म्हटलं तर तो सब्र आहे. ज्याच्या हातात यादी होती त्यानं म्हटलं, तर तो स्वतःचा हिशेब तकदीरच्या खात्यावर टाकतो आहे. बी कुठून आलं, यादी कधी बंद झाली, कमांड किती वेळा चालली, हे सांगणं त्याचं काम. ती अमानत आहे. पुढचं अल्लाहचं.

तुमच्या जमातीत, शाळेत, सोसायटीच्या पार्किंगसाठी सोडत निघणार असेल, तर वर लिहिलेली पद्धत खुशाल उचला. कॉम्प्युटर नसला तरी चालेल. चिठ्ठ्या एकाच मापाच्या करा, नीट ढवळा, एकदाच काढा आणि सगळ्यांसमोर काढा. घरी करून बघू नका.

त्या बाईंचा प्रश्न मी लेखी स्वरूपात ट्रस्टकडं दिला आहे. जमातीच्या सालाना जेवणावर किती खर्च होतो आणि त्यात किती मुलींची अकरावीची फी भरली जाईल, याचा आकडाही सोबत जोडला आहे. तो काढायला सीड लागलं नाही, साधा भागाकार पुरला. विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं चाचा म्हणाले आहेत.